नरिताची एक रात्र: टोकियो राहू द्या, पहाटेचा होम गाठा

प्रश्न असा आला आहे: "आई-बाबा (वय 63 आणि 66, दोघंही शाकाहारी) जूनमध्ये नाशिकहून आमच्याकडे सॅन होजेला येणार आहेत. ऑगस्टअखेर परत जाताना त्यांचं विमान दुपारी चारला टोकियोच्या नरिता विमानतळावर उतरतं आणि मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आहे. मधले एकोणीस तास विमानतळावर बसून काढायचे, की टोकियो बघून होईल?"

दोन्ही नको. विमानतळावर बसायचं नाही आणि टोकियोलाही जायचं नाही. नरिता नावाचं एक जुनं देवस्थानाचं गाव विमानतळापासून आगगाडीने दहा मिनिटांवर आहे. तिथे मुक्काम करायचा, रात्री आठला झोपायचं आणि पहाटे देवळात होम बघायचा. बारा वर्षं मी जपानच्या सहली नेत आले आहे. येता-जाता नरिताला काढलेल्या रात्रींचा हिशेब आता ठेवत नाही, पण आपल्याकडच्या साठीपुढच्या मंडळींना मी दर वेळी हेच सांगते. का ते पुढे येईलच, पण आधी व्हिसाचं बोलू. तो नसेल तर बाकीच्या सगळ्याला अर्थ नाही.

भारतीय पासपोर्टवर जपानमध्ये विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं तर व्हिसा हवाच. "ट्रान्झिटला कशाला लागतो?" असं पुष्कळ जण म्हणतात. त्याच दिवशी, त्याच विमानतळावरून, एकाच तिकिटावर पुढचं विमान असेल आणि सामान थेट मुंबईपर्यंत टॅग झालं असेल तर नाही लागत. पण रात्र मध्ये आली की हिशेब बदलतो. नरिताला मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत विमानांची ये-जा बंद असते. आजूबाजूला शेतकऱ्यांची वस्ती आहे आणि हा विमानतळ 1978 मध्ये त्यांच्या मोठ्या विरोधातून उभा राहिला, तेव्हापासून रात्रीची ही शांतता पाळली जाते. टर्मिनल 2 ला लागून एक कॅप्सूल हॉटेल (खोलीऐवजी झोपण्यापुरता खण मिळतो असं) आहे, तेसुद्धा इमिग्रेशनच्या बाहेर. म्हणजे व्हिसा नसेल तर तिथल्या कॅप्सूलमध्येही झोपता येत नाही. आतच थांबायची वेळ आली तर रात्री ट्रान्झिटच्या भागात बसू देतात का, हे विमान कंपनीकडून आधी लेखी घ्यावं.

'शोअर पास' नावाचा एक प्रकार कोणीतरी तुम्हाला सांगेलच. तो आहे, खरा आहे. 72 तासांपर्यंत जवळपास उतरायची परवानगी मिळते, पण ती विमान कंपनीने मागायची आणि इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने द्यायची. त्याने नाही म्हटलं की विषय संपला. त्याच्या भरवशावर आई-बाबांना पाठवू नका.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा दिल्या तारखेपासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. आई-बाबा मुलांकडे येतात ते तीन-चार महिने, कधी सहा महिने राहायला. निघायच्या गडबडीत मे महिन्याच्या सुरुवातीला व्हिसा करून ठेवला, तर ऑगस्टमध्ये परतताना तो केव्हाच संपलेला असतो. अमेरिकेतून करू म्हणाल, तर तिथल्या जपानी वकिलाती साधारणपणे तिथल्या रहिवाशांचेच अर्ज घेतात, पाहुण्यांचे नाही. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं असंच झालं आणि शेवटी तिकीट बदलून दुसऱ्या वाटेने यावं लागलं. म्हणून दोन गोष्टी करा. मुंबईच्या जपानी व्हिसा केंद्रात अर्ज निघायच्या अगदी जवळच्या आठवड्यांत द्या, हाताशी दहा-बारा दिवस ठेवून. आणि परतीची तारीख ऑगस्टअखेरऐवजी मध्यावर आणता आली तर आणा. बाबा पूर्वी जपानला जाऊन आले असतील तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागून बघा, म्हणजे हा घोळच राहत नाही. नाहीतर तिसरा मार्ग असा, की हा मुक्काम येतानाच्या प्रवासात घ्या आणि परतीला त्याच दिवशी पुढे जाणारं विमान घ्या.

दुसरी चूक तारखेची. सॅन फ्रान्सिस्कोहून शनिवारी दुपारी निघालेलं विमान अकरा तास उडतं आणि नरिताला उतरतं ते रविवारी दुपारी. मध्ये तारीखरेषा लागते. हॉटेलचं बुकिंग रविवारच्या रात्रीचं हवं, शनिवारचं नाही. हे लिहिताना सोपं वाटतं, पण मी स्वतः रात्री नऊ वाजता एका हॉटेलच्या काउंटरवर उभी राहून दोन जणांसाठी खोली शोधली आहे, कारण त्यांच्या मुलाने घरी बसून आदल्या दिवसाचं बुकिंग केलं होतं. खोली कालच रिकामी राहिली होती आणि पैसे गेले होते.

सामान थेट मुंबईला टॅग करून घ्या. काउंटरवर सॅन फ्रान्सिस्कोलाच टॅगवर 'बीओएम' दिसतंय का ते बाबांनी डोळ्यांनी बघावं आणि दोन्ही बोर्डिंग पास हातात घ्यावेत. म्हणजे नरिताला फक्त केबिनची बॅग बरोबर राहते. तीत एक कपड्यांचा जोड, रात्रीची औषधं, सकाळची औषधं, चार्जर. आणि औषधांवरून आठवलं: सर्दीच्या अमेरिकन गोळ्यांची पाकिटं घरात असतील तर ती बॅगेत टाकू नका. स्यूडोएफेड्रीन दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे, आणि अमेरिकेत मिळणारा विक्सचा नाकाने ओढायचा इनहेलरही तिथे चालत नाही. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण नसते, फक्त मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह ठेवा. ताजी फळंही विमानातच संपवा.

आता टोकियो का नको, ते सांगते. नरिता नावाला टोकियोचा विमानतळ आहे, पण आहे चिबा प्रांतात, टोकियोच्या मध्यापासून साठेक किलोमीटर. चारला उतरलं, बोटांचे ठसे आणि फोटो देऊन इमिग्रेशन उरकलं, की साडेपाच. स्कायलायनर ही जलद गाडी टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनपर्यंत चाळीस मिनिटांच्या आत नेते हे खरं, पण तिकीट काढणं, फलाट शोधणं, पुढे आसाकुसा या जुन्या देवळाच्या भागापर्यंत जाणं धरलं की साडेसात. तेव्हा तिथली दुकानं आवरलेली असतात. जेवण शोधायचं, परतीची गाडी पकडायची, साडेअकराला खोलीवर. आणि हे सगळं अकरा तासांच्या विमानप्रवासानंतर. मी सुरुवातीच्या वर्षांत हट्टाने लोकांना नेत असे. त्यांना आठवतं ते एवढंच: दिवे आणि दुखणारे पाय.

याउलट शरीराचा हिशेब मांडून बघा. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियापेक्षा जपानचं घड्याळ सोळा तास पुढे असतं. नरिताला रात्रीचे आठ म्हणजे आई-बाबांच्या शरीराला पहाटेचे चार. त्यांना झोप येणारच, अगदी जेवताना मान पडेल. आणि जपानमधले पहाटेचे तीन म्हणजे त्यांच्या शरीराला सकाळचे अकरा. त्या वेळी ते टक्क जागे होणार, कितीही दमलेले असोत. आता पहाटे चार-पाचला जागा झालेला माणूस टोकियोत काय बघणार? नरिता गावात मात्र त्या वेळी एक मोठी गोष्ट सुरू होते. जेट लॅगशी भांडायचं नाही, त्याच्याच पाठीवर बसून जायचं.

म्हणून हॉटेल कुठलं, हे महत्त्वाचं. विमानतळाभोवतीची मोठी हॉटेलं मोफत बस देतात आणि चांगली असतात, पण ती शेताडीत आहेत, पहाटे देवळात चालत जाता येत नाही. तुम्ही गावात, स्टेशनजवळचं साधं बिझनेस हॉटेल घ्या. खोली लहान असते, बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही, पण अगदी स्वच्छ. केइसेइ आणि जेआर या दोन रेल्वे कंपन्यांची केइसेइ-नरिता आणि नरिता अशी दोन स्टेशनं हाकेच्या अंतरावर आहेत.

विमानतळावरून तिथे जाताना एकच गोष्ट जपायची. स्कायलायनर आणि अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस या दोन गाड्या वेगळ्या मार्गाने जातात, त्या केइसेइ-नरिताला थांबतच नाहीत. चढलं की थेट पुढे. केइसेइच्या मेन लाइनची साधी गाडी घ्यायची, तिकीट तीनशे येनच्या आत आणि पुढची मोठी थांबण्याची जागा हीच. फलाटावरच्या माणसाला नुसतं "केइसेइ नरिता?" म्हणून बोट दाखवलं तरी तो हातवारे करून नीट सांगतो, कधी डब्यापर्यंत सोडायला येतो. इमिग्रेशन आणि कस्टमचं 'व्हिझिट जपान वेब'वर तुम्ही घरूनच भरून क्यूआर कोड बाबांच्या फोनमध्ये ठेवा आणि त्याचा कागदी प्रिंटही द्या. थोडे येन विमानतळावरच्या सेव्हन बँकेच्या एटीएममधून काढून घ्यावेत, देवळाच्या गावात रोख लागते.

संध्याकाळी सहाला गावात पोचाल. स्टेशनपासून देवळापर्यंतचा रस्ता, ओमोतेसान्दो, साधारण आठशे मीटर वळत वळत उतरतो. दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं. हा रस्ता उनागीसाठी, म्हणजे ईल माशासाठी प्रसिद्ध आहे. दुकानाच्या दर्शनी भागातच कारागीर बसलेला असतो, मासा पाठीकडून चिरतो, कारण सामुराईंच्या या मुलखात पोट चिरणं अशुभ मानलं जायचं. तुमच्या घरच्यांना ते बघायचंही नसेल. पण संध्याकाळी पाचनंतर बहुतेक दुकानं बंद होतात, त्यामुळे प्रश्न येत नाही.

शाकाहारी जेवणाचं मात्र आधी ठरवून ठेवा. जपानमध्ये भाजी, सूप, नूडल्स, बहुतेक सगळ्याच्या मुळाशी 'दाशि' असते, वाळवलेल्या माशाचा अर्क. वरून मासा दिसत नाही, आणि वाढणाऱ्यालाही ते मांसाहारी वाटत नाही, त्यामुळे "व्हेजिटेरियन?" विचारलं तर तो मनापासून होकार देतो. गावात भारतीय-नेपाळी हॉटेलं आहेत, तिथे डाळ-रोटी मिळते. अंतर जास्त वाटलं तर कन्व्हिनियन्स स्टोअरमधून केळी, दही, भाजलेलं रताळं, नुसत्या मिठाचा किंवा उमेबोशीचा भात-गोळा. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, चव अगदी आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखी. माझ्या मंडळींना ते आवडतं. आणि नाशिकहून येताना आणलेल्या मेतकुटाची पुडी तुमच्याकडे उरली असेल तर ती केबिन बॅगेत ठेवून द्या. खोलीत गरम पाण्याची किटली असतेच.

आठला दिवा बंद.

पहाटे चारला जाग येईल. चहा घ्या, अंघोळ करा, पावणेपाचला निघा. ऑगस्टमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं, आणि उकाडा अजून चढलेला नसतो. बंद दुकानांमधून तो उतार उतरत गेलात की समोर नरितासान शिन्शोजीचं दार येतं. हे देऊळ 940 सालचं, बौद्धांच्या शिन्गोन पंथाचं. दारापलीकडे दगडी पायऱ्या उभ्या चढतात, कठडा धरून सावकाश चढा. शेजारच्या तळ्यात कासवं असतात. वर डावी-उजवी न बघता आधी मुख्य मंडपात जा, कारण पहिला होम उन्हाळ्यात साडेपाचच्या सुमाराला आणि थंडीत सहाच्या सुमाराला असतो. देवळाच्या वेळापत्रकात त्या दिवसाची वेळ बघून ठेवा. पैसे लागत नाहीत. चपला काढून पिशवीत घ्यायच्या, तातामीवर, म्हणजे गवती चटईवर बसायचं. गुडघे दुखत असतील तर मागे भिंतीशी.

जपानी शब्द 'गोमा'. तो आपला 'होम'च आहे, संस्कृतातून चीनमार्गे गेलेला. कुकाई नावाचा भिक्षू 804 साली चीनला गेला, तिथे मंत्रमार्ग शिकला आणि तो घेऊन जपानला परतला. समोरची देवता फुदो म्योओ, म्हणजे अचलनाथ: हातात तलवार आणि पाश, मागे ज्वाळा. शंख वाजतो, पुजाऱ्यांची रांग येते, मग मोठ्या ढोलावर पहिला ठोका पडतो तो छातीत बसतो. वेदीवर समिधा रचलेल्या असतात, ज्वाळा पुरुषभर उंच जाते. आणि सगळे एका सुरात म्हणू लागतात. पहिल्या वेळी मला नुसता घुमणारा आवाज ऐकू आला होता. नीट कान दिला तेव्हा कळलं, "नोमाकु सानमान्दा बाझारादा" म्हणजे "नमः समन्तवज्राणाम्". अंगावर काटा आला तो आजही येतो.

होम चालू असताना लोक उठून रांगेने पुढे जातात आणि आपली पर्स, पिशवी, पाकीट पुजाऱ्याच्या हाती देतात. तो ते दोन्ही हातांनी धरून ज्वाळेकडे क्षणभर झुकवतो आणि परत देतो. एकदा माझ्याबरोबरच्या एका सातारच्या काकूंनी कमरेचा बटवा काढून दिला, जुन्या पैठणीच्या काठाचा, आत कातरी सुपारी आणि नातवाचा फोटो. तरुण पुजाऱ्याने तो उघडा-बंद काही केला नाही, जसा होता तसा दोन तळव्यांवर घेतला, आगीकडे नेला आणि मान लववून परत केला. मुंबईला उतरताना काकूंनी मला बटव्याचा वास घ्यायला लावला. धूर अजून होता. आई-बाबांनी संकोच करू नये, परक्यांना कोणी अडवत नाही. फोटो मात्र आत काढू नका.

नंतर वेळ असेल तर तीनमजली पागोडा बघा, 1712 चा, कोरीवकाम रंगवलेलं आणि अजून टवटवीत. त्यामागची बाग मोठी आहे, साडेसहाला तिथे गावातली म्हातारी माणसं फिरायला आलेली असतात, मान झुकवून नमस्कार करतात. परत येताना रस्ता चढाचा आहे हे लक्षात ठेवून सातपर्यंत निघा. न्याहारी, आवराआवर, पावणेआठची गाडी, आणि आठ-सव्वाआठला विमानतळावर. अकराच्या विमानाला पुरेसा वेळ.

वादळाचं एक. ऑगस्ट-सप्टेंबर हा तिथला टायफूनचा काळ. आदल्या दिवशी वादळाचा इशारा असेल तर गावात जाऊ नका, विमानतळाजवळच्या बसवाल्या हॉटेलात राहा. वाऱ्यात आगगाड्या पहिल्यांदा बंद होतात.

तुमचं विमान नरिताऐवजी हानेदाला उतरत असेल (बुकिंग पुन्हा तपासा, दोन्हींना टोकियोच म्हणतात) तर सगळा बेत वेगळा. हानेदा चोवीस तास चालतं, शहराला चिकटून आहे, शहरातलं शिनागावा स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर. टर्मिनल 3 मध्येच हॉटेल आहे आणि त्यातल्या काही खोल्या इमिग्रेशनच्या आतल्या बाजूला आहेत, म्हणजे व्हिसा नसलेल्यांची सोय होते. लागूनच गरम पाण्याच्या झऱ्याची स्नानगृहं. तिथे मी पहाटे त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात नेते, घाऊक मासळी बाजार 2018 मध्ये तोयोसूला गेला तरी गल्ल्यांतली दुकानं राहिली आहेत. पण शाकाहारी माणसांना तिथे फार वेळ नको. त्यांना मी अनामोरी इनारीकडे नेते, विमानतळाशेजारचं छोटं देऊळ. हे मूळ आजच्या विमानतळाच्याच जागेवर होतं. 1945 च्या सप्टेंबरात अमेरिकन सैन्याने धावपट्टी वाढवण्यासाठी तिथल्या रहिवाशांना 48 तासांत घरं सोडायला लावली. देऊळ गेलं, त्याची मोठी लाल कमान मात्र पुढची पन्नास वर्षं विमानतळाच्या आवारातच उभी होती. 1999 मध्ये ती नदीकाठी हलवली. तिच्याखाली उभं राहिलं की डोक्यावरून विमानं जाताना दिसतात. आणि एक: एक विमान नरिताला आणि दुसरं हानेदाहून असं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. मध्ये शहर ओलांडून जावं लागतं, सामान काढून न्यावं लागतं आणि व्हिसा तर लागतोच.

व्हिसा आल्यावर त्यावरची शेवटची तारीख आणि जपानमध्ये उतरायची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. उतरायची तारीख आधीची असेल तरच हॉटेल बुक करा, आणि तेही फुकट रद्द होणारं.